निश्चयाकडून संदिग्धतेकडे: शिरवाडकरांच्या लेखनातील एक स्थित्यंतर

कुसुमाग्रजांना ‘क्रांतिकवी’ म्हणून गौरविण्याची प्रथा अध्यापनात इतकी रूढ आहे की, त्यांचे उत्तरकालीन लेखन म्हणजे ओसरलेला आवेश, असा समज सहज होतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा कवीचे वय ३० होते. ‘क्रांतीचा जयजयकार’ किंवा ‘कोलंबसाचे गर्वगीत’ यांतील वक्त्याला आपल्या दिशेविषयी तिळमात्र शंका नाही. हा निश्चय केवळ शाब्दिक नव्हता. १९३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, शिरवाडकर नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात सहभागी झाले होते. दार बंद होते, ते उघडले पाहिजे, ही मागणी सरळ आणि न्याय्य होती. पुढील काळातील ‘गाभारा’ या कवितेत मात्र दर्शनार्थीचे स्वागत होते, परंतु आत देव नाही. यामुळे तरुणपणीचा लढा व्यर्थ ठरत नाही. प्रवेशाचा हक्क आणि देवाचे आत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच प्रौढ वयाला दिसले आहे.

‘नटसम्राट’मध्ये (१९७०) हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. या नाटकाचे ‘किंग लिअर’शी असलेले नाते सर्वपरिचित आहे, हॅम्लेटशी असलेल्या नात्याचा विचार मात्र बहुधा स्वगताच्या सादरीकरणापाशीच थांबतो. जगण्यामरण्याचा तो प्रश्न शेक्सपिअरने तरुण राजपुत्राच्या मुखी घातला होता. शिरवाडकरांनी तो अप्पासाहेब बेलवलकर या वृद्ध नटाला दिला. हॅम्लेटचा संशय कृतीपूर्वीचा आहे. अप्पांनी सारे काही मुलांना वाटून टाकलेले आहे. त्यांचा संशय कृतीनंतरचा आहे आणि म्हणून अधिक असहाय आहे.

हे नाटक ‘कृतघ्न मुलांची गोष्ट’ म्हणून शिकविले की त्यातील मर्मच निसटते. लिअरच्या थोरल्या मुली दुष्ट आहेत. नंदा आणि नलू ही संसारात गुरफटलेली मध्यमवर्गीय माणसे आहेत. अप्पांचा हेका आणि त्यांची शिवराळ भाषा त्यांच्या घरात खुपते, हे प्रेक्षकालाही मनोमन पटते. नलूच्या घरी वडिलांवर चोरीचा संशय घेतला जातो तेव्हा सहानुभूती अर्थातच अप्पांकडे झुकते. तथापि त्यांचे घराबाहेर पडणे हा स्वाभिमान होता की नटाचा अहंकार, याचा निवाडा नाटककार करीत नाही.