उपेक्षित कोण, लुटलेले कोण?

‘उपेक्षित’ हा शब्द मला खपत नाही. रॉक संगीतावर आपल्या पोरांत वाद चाललेत. कुणाचं नाव अजून पुढं यायला पाहिजे, कुणावर अन्याय झाला, कोण खरा मोठा. प्रत्येकाच्या खिशात एक यादी. कुणी रॉड्रिगेझ म्हणतो, कुणी डेथ, कुणी फॅनी, कुणी सिस्टर रोझेटा थार्प. यादी करायला माझी ना नाही. पण ही सगळी नावं ‘उपेक्षित’ या एकाच टोपलीत कोंबली की प्रस्थापितांचं फावतं. उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही तो. ज्याच्याकडं लक्ष गेलं, चांगलं निरखून गेलं, ज्याचं गाणं उचलून लोकांनी तिजोऱ्या भरल्या आणि त्याला मात्र दाराबाहेर उभं केलं, तो उपेक्षित कसा? तो लुटलेला. दोघांचं देणं वेगळं आहे. म्हणून हा हिशेब.

काही जण विचारतात, अमेरिकेतल्या गाण्याशी आपला संबंध काय? १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून स्वतःचं नाव घेतलं, तेव्हाच संबंध जोडला गेला. ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या लढ्याचं वाचतो, तर त्यांच्या गाण्याचंही वाचावं. आणि गाणं नुसतं ऐकू नये, त्याची पावती कुणाच्या नावावर फाटली तेही बघावं.

पहिलं नाव आर्थर क्रूडप. जन्म १९०५, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा. शेतमजूर. गिटार हातात आली तिशीच्या आसपास. शिकागोला आला तेव्हा रेल्वेच्या पुलाखाली लाकडी खोक्यात राहायचा, असं सांगतात. १९४६ साली त्यानं ‘दॅट्स ऑल राइट’ रेकॉर्ड केलं. आज ते मोबाईलवर सहज ऐकायला मिळतं. ऐकाच. एक गिटार, मागं बास आणि ड्रम, बस्स. पण ठेका असा की बसलेला माणूस उठेल. मधेच गिटार गाण्याच्या पुढं पळते. रॉक अँड रोलचा जन्म १९५४ साली झाला म्हणणाऱ्यांनी हे १९४६ सालचं तीन मिनिटांचं काम कुठं बसवायचं ते सांगावं.

जुलै १९५४. मेम्फिसचा सन स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली हेच गाणं गातो आणि ती त्याची पहिली रेकॉर्ड होते. पुढं त्यानं क्रूडपची आणखी दोन गाणी घेतली. इथं एक गोष्ट साफ सांगतो. एल्विसनं क्रूडपचं नाव लपवलं नाही. १९५६ साली त्यानं वर्तमानपत्राशी बोलताना ते उघड घेतलं. म्हणून एल्विसच्या नावानं बोटं मोडून वाद संपवणाऱ्यांच्यात मी नाही. गायक प्रामाणिक असला म्हणून वही प्रामाणिक होत नाही. वही गायकाकडं नसतेच. ती प्रकाशकाकडं असते, मॅनेजरकडं असते. क्रूडपच्या गाण्यांचे हक्क त्याच्या हातात राहिलेच नव्हते. पैसे मिळत नाहीत म्हणून त्यानं १९५० नंतरच्या काळात रेकॉर्डिंग सोडलं आणि पुन्हा शेतात राबायला गेला. पुढं त्याच्या बाजूनं खटपट झाली, साठ हजार डॉलरवर तडजोड ठरली. क्रूडप पोराबाळांना घेऊन न्यूयॉर्कला गेला, कागदावर सही केली. पलीकडच्या मालकानं सही करायला नकार दिला. १९७४ साली क्रूडप मेला. पैसे त्याच्या वारसांना मिळाले, तेही नंतर.

मी गिरणीत कामाला आहे. ताग्यावर गिरणीचा शिक्का असतो, विणणाऱ्याचं नाव नसतं, हे मला रोज दिसतं. पण विणणाऱ्याला निदान महिन्याचा पगार मिळतो. क्रूडपला ना शिक्का, ना पगार.

दुसरं नाव विली मे थॉर्नटन, बिग ममा. जन्म १९२६, अलाबामाची. गायची, ड्रम वाजवायची, माउथ ऑर्गन वाजवायची. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला तिनं ‘हाउंड डॉग’ गायलं. १९५३ साली रेकॉर्ड निघाली आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिली राहिली. म्हणजे ऐकणाऱ्यांनी ऐकली. डोळ्याआड नव्हती बाई. तिच्या सांगण्याप्रमाणं या गाण्याचे तिला एकदाच पाचशे डॉलर मिळाले.

आता समीक्षकाचं काम करतो. थॉर्नटनचं ‘हाउंड डॉग’ आणि एल्विसचं १९५६ सालचं ‘हाउंड डॉग’ मागोमाग ऐका. थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई आयत्या बिळावर नागोबा झालेल्या पुरुषाला घराबाहेर काढतेय. ती दम देते, डाफरते, गिटारला हुकूम सोडते, हसते. सगळा तिचा तोरा. एल्विसपर्यंत गाणं आलं ते लास वेगासमधल्या एका बँडच्या बदललेल्या शब्दांसकट. त्यात बाई गेली, बाप्या गेला, खरोखरचं कुत्रं तेवढं उरलं. वेग वाढला, अर्थ गळाला. नाचायला ते गाणं फक्कड आहे, नाकारत नाही. पण अर्थ काढून घेतल्यावर ते घराघरांत गेलं, हे ध्यानात ठेवा.

यावर एक आक्षेप येतो. गाणं तर जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी लिहिलं, थॉर्नटन नुसती गाणारी. बरोबर, लिहिलं त्यांनी. पण तिला बघून, तिच्यासाठी लिहिलं, हे ते दोघंच सांगत आले. आणि इथंच कायद्याची मेख आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. गळा फुकट. ज्यांच्या गळ्यातून ब्लूज आले, ज्यांना कागद आणि वकील परवडत नव्हता, त्यांचं नुकसान या कायद्यातच लिहून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट. थॉर्नटनची रेकॉर्ड काढणारी कंपनी ह्यूस्टनची पीकॉक. तिचा मालक डॉन रोबी काळाच होता. लायबर-स्टोलर यांना त्यानं दिलेला चेकसुद्धा वटला नाही, असं ते सांगत. म्हणजे मालकाची कातडी आपल्यासारखी असली की मजुराला न्याय मिळतो, या भ्रमात कुणी राहू नये. पुढं थॉर्नटननं ‘बॉल अँड चेन’ स्वतः लिहिलं. १९६७ च्या माँटेरी महोत्सवात जॅनिस जॉपलिननं ते गाऊन मैदान मारलं. पण थॉर्नटनचं आधीचं रेकॉर्डिंग दाबून ठेवणाऱ्या कंपनीच्या हातात कॉपीराइट राहिला होता. गायली तेव्हा लिहिणाऱ्याला पैसे, लिहिलं तेव्हा कंपनीला पैसे! १९८४ साली लॉस एंजेलिसच्या एका बोर्डिंग हाउसमध्ये ती मेली. वय सत्तावन्न.

सिस्टर रोझेटा थार्पची गोष्ट तिसऱ्या जातीची. ती नामांकित होती. १९१५ साली आर्कान्सातल्या कॉटन प्लांट इथं जन्मली, चर्चमध्ये गिटार घेऊन वाढली, १९३८ पासून तिच्या रेकॉर्डी निघाल्या. १९५१ साली तिचं लग्न वॉशिंग्टनच्या स्टेडियममध्ये तिकीट लावून झालं, हजारो माणसं आली. १९६४ साली मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसानं भिजलेल्या फलाटावर, कोट घालून, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून ती गायली. त्याचं चित्रण आहे, बघा. तिचा हात बघा. मग इतिहास लिहिणारे आले. त्यांनी रॉक म्हणजे गिटारवाला पुरुष असं कुंपण घातलं आणि थार्पला ‘भक्तिगीतवाली’ म्हणून बाहेर काढलं. १९७३ साली फिलाडेल्फियात ती गेली. तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगड नव्हता. हिला मी पुसलेली म्हणतो.

आता रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचं बघा. १९८६ साली पहिली पंगत बसली, एल्विस त्यात. थार्पला बोलावणं २०१८ साली, थॉर्नटनला २०२४ साली. दोघी मेलेल्या. आणि बसवलं कुठं? कलाकारांच्या मुख्य पंगतीत नाही, ‘प्रभाव’ नावाच्या बाजूच्या पंगतीत. ज्यांच्या हातचं खाऊन सगळे मोठे झाले त्यांना वेगळं पान! असल्या सन्मानावर टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत.

मग खरे उपेक्षित कोण? डेट्रॉइटचे हॅकनी बंधू, त्यांचा बँड डेथ. काळ्या पोरांनी सोल गावं अशी बाजाराची अपेक्षा असताना या तिघा भावांनी १९७५ साली असं धारदार, वेगवान रॉक वाजवलं की ज्याला पुढं पंक म्हणाले. मोठ्या कंपनीच्या साहेबानं सांगितलं, नाव बदला. थोरल्या डेव्हिडनं नकार दिला. १९७६ साली स्वतःच पाचशे रेकॉर्डी काढल्या. अल्बम बाहेर आला तो २००९ साली. डेव्हिड २०००लाच कॅन्सरनं गेला होता. त्या नकाराला माझा सलाम. पण त्यांचं गाणं कुणी चोरलं नाही, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. तसाच फॅनी बँड. मनिलात जन्मलेल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणींचा. १९७० साली मोठ्या कंपनीकडून अख्खा अल्बम काढणाऱ्या पहिल्या बायकांच्या रॉक बँडांत त्यांचं नाव आहे. डेव्हिड बोवीनं त्यांची बाजू घेतली, तरी दुकानं गप्प राहिली. यांना आपण कान दिले पाहिजेत.

आणि रॉड्रिगेझ. डेट्रॉइटचा मजूर, जुनी घरं पाडायची-दुरुस्त करायची कामं करणारा. मला तो जवळचा वाटणारच. १९७० आणि १९७१ साली दोन अल्बम, अमेरिकेत विकले गेले नाहीत, दक्षिण आफ्रिकेत घरोघरी वाजले, आणि त्याला पत्ता नाही. २०१२ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, २०१३ साली त्या सिनेमाला ऑस्कर. गाणी चांगलीच आहेत. पण सिनेमानं त्याचे १९७९ आणि १९८१ चे ऑस्ट्रेलियातले दौरे गाळले, कारण हरवलेला आणि सापडलेला मजूर ही परीकथा त्यानं बिघडली असती. पांढरपेशांना असली परीकथा आवडते. ‘सापडला’ म्हटलं की आफ्रिकेतल्या रेकॉर्डींचे पैसे कुठं गेले हा प्रश्न मागं पडतो. २०२३ साली तो गेला, नाव मिळवून गेला. यादीत त्याला ठेवा, वर ठेवू नका.

माझं मत रोखठोक आहे. वर क्रूडप आणि थॉर्नटन. त्यांच्या जोडीला थार्प. मग डेथ आणि फॅनी. वरच्यांना हिशेब देणं लागतो, खालच्यांना कान. मोठेपणा मोजताना कुणाची गोष्ट ऐकून डोळ्यात पाणी येतं हे बघू नका. कुणाच्या कामावर किती जण जगले आणि त्याच्या पदरात काय पडलं हे बघा.

आणि दोस्तहो, हे अमेरिकेवर सोडून देऊ नका. आपल्यापैकी कुणी ‘हाउंड डॉग’ लावलं की विचारा, कुणाचं? आधी थॉर्नटनचं लावायला सांगा. ‘दॅट्स ऑल राइट’चं नाव निघालं की क्रूडपचं नाव जोडल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. एवढं तरी आपल्या हातात आहे.