प्राङ्न्याय आणि गैरहजेरी : दिवाणी दाव्याच्या निकालाचा पुढील दाव्यावरील परिणाम – एक चिकित्सा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ११ मध्ये ग्रथित झालेल्या तत्त्वास मराठी विधिपरिभाषेत 'प्राङ्न्याय' असे नाव आहे. हा शब्द अलीकडे घडविलेला नाही. स्मृतिकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे संप्रतिपत्ती, मिथ्या, प्रत्यवस्कंदन व प्राङ्न्याय असे चार प्रकार मानले आहेत. पूर्वी हरलेल्या माणसाने पुन्हा तोच वाद उभा केल्यास त्याला त्याच्या पूर्वीच्या पराजयाची आठवण करून देणे, हेच प्राङ्न्यायाचे उत्तर, असे कात्यायनाने सांगितले आहे. शिवपरसन सिंह विरुद्ध रामनंदन प्रसाद सिंह (१९१६) या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी विज्ञानेश्वर व नीलकंठ यांचा याच संदर्भात उल्लेख केला. जेन्किन्स हे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तेव्हा नीलकंठाचा व्यवहारमयूख त्यांच्या परिचयाचा असणे स्वाभाविकच होते.

या परंपरेत पराजय ही पूर्वअट आहे. न्यायसभेत उपस्थित न राहणाऱ्यास नारदाने 'हीनवादी' म्हटले आहे खरे. परंतु ती कोटी निराळी आहे. कलम ११ देखील मुद्दा 'ऐकला गेला व अंतिमतः निर्णीत झाला' असेल तरच पुढील दाव्यास अटकाव करते. त्या कलमाचे चौथे स्पष्टीकरण, म्हणजे जो मुद्दा मांडता आला असता व मांडावयास हवा होता तोही निर्णीत समजावा हा नियम, याच चौकटीत बसतो; कारण तेथे पक्षकाराला बोलण्याची संधी प्रत्यक्ष मिळालेली असते.

अडचण संहितेच्या आदेशांत आहे. सामान्य पक्षकाराच्या लेखी दाव्याचा 'निकाल लागला' की प्रकरण संपले. संहितेत मात्र या एका शब्दाखाली अनेक भिन्न गोष्टी वावरतात. आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र नामंजूर झाले, तर कलम २(२) नुसार तो 'हुकूमनामा' समजला जातो. तरीही नियम १३ प्रमाणे त्याच वादकारणावर नवे वादपत्र दाखल करता येते. याउलट गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्याचा आदेश हा हुकूमनामा नाही असे तेच कलम सांगते. आणि तरीही आदेश ९ नियम ९ खाली त्याच वादकारणावर नवा दावा आणण्यास मनाई आहे. जो हुकूमनामा आहे तो वाट अडवीत नाही आणि जो नाही तो अडवितो, ही विसंगती अध्यापनात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. तिचा परिणाम मात्र तेवढा लहान नाही.

वकिलांच्या बोलीत 'दावा डिफॉल्टमध्ये निघाला' असे म्हणतात. तारखेला वादी व प्रतिवादी दोघेही हजर नसल्यास नियम ३ खाली दावा निघतो आणि मुदतीच्या अधीन राहून वादी नियम ४ खाली पुन्हा दावा लावू शकतो. प्रतिवादी हजर असून वादी नसल्यास मात्र नियम ८ लागू होतो व दार बंद होते. वादीचे वर्तन दोन्ही प्रसंगी सारखेच. फरक पडतो तो प्रतिपक्ष त्या दिवशी न्यायालयात आला होता की नाही, एवढ्यावर. हजर प्रतिवादीला पुन्हा त्रास होऊ नये हे या नियमाचे समर्थन चुकीचे नाही. परंतु त्या त्रासाची भरपाई खर्चाच्या आदेशाने होऊ शकते. त्यासाठी न ऐकलेल्या हक्कावर कायमचा पडदा टाकणे प्रमाणाबाहेरचे ठरते. वाटपाच्या दाव्यात न्यायालयांनी स्वतःच यातून मार्ग काढला आहे : कुटुंब एकत्र असेपर्यंत वाटप मागण्याचा हक्क चालू राहतो, म्हणून पहिला दावा गैरहजेरीत निघाला तरी दुसरा अडत नाही. विक्रीकराराच्या विशिष्ट पूर्ततेसाठी दावा लावणाऱ्याला असा आधार नाही.

दावा पुनःस्थापित करून घेण्याचा उपाय आहे. त्यासाठी मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२२ नुसार ३० दिवस मिळतात आणि पुरेसे कारण दाखवावे लागते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) मध्ये घेतली. तथापि तालुक्याच्या न्यायालयापासून दूर राहणाऱ्या पक्षकाराला दावा निघाल्याचे कळेपर्यंत ३० दिवस उलटून गेले, तर विलंबमाफीचा आणखी एक अर्ज त्याच्या वाट्याला येतो.

शिवदान सिंह विरुद्ध दर्याव कुंवर (१९६६) या निर्णयात ही गुंतागुंत वरच्या पायरीवर दिसते. दावा अधिकारक्षेत्र, गैरहजेरी, पक्षकारांची उणीव अशा कारणाने निघाला असेल तर प्राङ्न्याय लागत नाही, हे न्यायालयाने तेथे मान्य केले. मात्र खालच्या न्यायालयाने गुणदोषांवर निर्णय दिला असेल आणि त्यावरील अपील मुदतबाह्य म्हणून किंवा कागदपत्रे छापून न घेतल्याने फेटाळले गेले असेल, तर तो निर्णय प्राङ्न्याय ठरतो. येथे निदान एकदा तरी सुनावणी झालेली असते, म्हणून हा निर्णय नियम ९ पेक्षा अधिक समर्थनीय वाटतो.

मथुराप्रसाद विरुद्ध दोसीबाई (१९७०) या बोरिवलीच्या भाडेपट्ट्याच्या प्रकरणात तर न्यायालयाने त्याही पुढे जाऊन, स्वतःच्या अधिकारक्षेत्राविषयी चुकीचा कायदा लावून दिलेला निर्णय पक्षकारांना पुढे बांधीत नाही असे ठरविले. श्रीहरी तोतला विरुद्ध हेमंत कामत (२०२१) मध्ये, प्राङ्न्याय ठरविण्यासाठी पूर्वीचे वादपत्र, मुद्दे व न्यायनिर्णय तपासावे लागतात, म्हणून त्या कारणावर वादपत्र प्रारंभीच नामंजूर करता येत नाही, असा निर्णय झाला. आदेश ९ नियम ९ चा आक्षेप घेणाऱ्या प्रतिवादीलाही वादकारण एकच असल्याचे दाखवावे लागते. परंतु पूर्वीच्या दाव्यात वादी का आला नव्हता, हा प्रश्न दुसऱ्या दाव्यात निघतच नाही.