राखीव प्रत आणि तिची परीक्षा : एका अपघातवृत्ताची समीक्षा

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या संस्थेच्या मुख्य डेटाबेसची माहिती एका चुकीच्या ठिकाणी दिलेल्या आदेशाने पुसली गेली. सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम 4.5 गिगाबाइट उरली. पुढे 10 फेब्रुवारीस संस्थेने या घटनेचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. डेटाबेसच्या पुनःस्थापनेविषयी विचार करू पाहणाऱ्याने हा वृत्तांत अवश्य वाचावा. मात्र तो वाचताना त्याच्या विवेचनपद्धतीचीही परीक्षा केली पाहिजे.

घटनाक्रम थोडक्यात असा. कामाचा भार वाढल्यामुळे राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला. त्याला हव्या असलेल्या व्यवहारनोंदी मुख्य सर्व्हरने तोवर काढून टाकल्या होत्या, आणि त्या नोंदी अन्यत्र जतन करण्याची सोय नव्हती. साहजिकच राखीव सर्व्हर मुळापासून उभा करणे भाग पडले. प्रत घेणारी आज्ञावली कोणताच संदेश न देता स्तब्ध राहिली. आधीच्या प्रयत्नांतील अवशेष नडत असावेत, अशा समजुतीने राखीव सर्व्हरवर द्यावयाचा पुसण्याचा आदेश मुख्य सर्व्हरवर दिला गेला.

यानंतरचे दृश्य अधिक उद्बोधक आहे. दररोज घेतला जाणारा बॅकअप अस्तित्वातच नव्हता. कारण डेटाबेस पोस्टग्रेस 9.6 चा, तर बॅकअपची आज्ञावली 9.2 ची वापरली जात होती. ती प्रत्येक वेळी निष्फळ ठरे, आणि त्याची सूचना देणारी ई-पत्रे तपासणीत नाकारली जात. उपयोगी पडली ती सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने भारवाटपाच्या चाचणीसाठी हाताने घेतलेली प्रत. म्हणजे ज्या प्रतीने संस्था तारली, ती तारण्याच्या हेतूने घेतलेलीच नव्हती.

घटना घडत असताना लिहिलेल्या टिपणात बॅकअप आणि प्रतिकृती यांची पाच साधने एकत्र मोजून ती सर्वच निरुपयोगी ठरल्याचे म्हटले होते. हे वाक्य गाजले. परंतु त्यात एक वैचारिक गफलत आहे. राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या वर्तमानाचे अनुकरण करतो. एखादे कोष्टक चुकून पुसले, तर ते क्षणार्धात तेथूनही नाहीसे होते. बॅकअप भूतकाळ जपून ठेवतो. त्याला जतन केलेल्या व्यवहारनोंदींची जोड असेल तर इष्ट क्षणापर्यंत परतता येते. एक यंत्राच्या मृत्यूवरचा उपाय, तर दुसरा माणसाच्या प्रमादावरचा. नंतरच्या वृत्तांताने प्रतिकृतीचा हेतू वेगळा असल्याचे स्पष्ट केले, हे त्याचे श्रेय होय. चूक करणाऱ्याचे नाव न देण्याचा संयमही प्रशंसनीय आहे.

तथापि कारणमीमांसेत वृत्तांत अपुरा पडतो. त्याने ‘का?’ हा प्रश्न ओळीने विचारत जाण्याची पद्धत स्वीकारली आहे. बॅकअपची नियमित चाचणी का झाली नाही, याचे अंतिम उत्तर तेथे मिळते ते असे, की ती जबाबदारी कोणाचीच नव्हती. वस्तुतः येथूनच खरी चौकशी सुरू व्हावयास हवी. शिवाय ही पद्धत कारणांची एकच सरळ साखळी गृहीत धरते. प्रत्यक्षात येथे अनेक स्वतंत्र मौने एकत्र आली होती : आज्ञावली बोलली नाही, ई-पत्र पोहोचले नाही, रिकाम्या साठ्याकडे कोणी पाहिले नाही. यांपैकी कोणतेही एक मौन आधी भंगते, तर हानी कमी झाली असती.

हानी लहान नव्हती. गिट भांडारे सुरक्षित राहिली, तरी सुमारे 5000 प्रकल्प, 5000 अभिप्राय आणि 700 नवी खाती यांना झळ पोहोचली. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे अठरा तास लागले, आणि त्याला संथ चकत्या बऱ्याच अंशी कारण होत्या. पुनःस्थापनेचा कालावधी हा देखील बॅकअपचा एक गुणधर्म आहे, हे त्यावरून दिसते. जी प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, पडताळून आणि लागलेला वेळ मोजून पाहिलेली नाही, तिला प्रत म्हणणे हे केवळ अनुमान होय.