संदर्भसंग्रहाचे स्थलांतर : संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींची मराठी संशोधनाच्या दृष्टीने समीक्षा

प्रस्तावना :
संशोधकाने वर्षानुवर्षे जमविलेला संदर्भसंग्रह एका संगणक प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत हलविणे हे काम वरकरणी कारकुनी स्वरूपाचे वाटते. आधी ‘निर्यात’ आणि मग ‘आयात’ केली की काम संपले, असा समज रूढ आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहास व पुरातत्त्वविषयक अभ्यासाला लागणाऱ्या संदर्भांच्या आधारे या समजाची तपासणी येथे केली आहे. स्थलांतरात नोंदी जातात. संग्रह जातोच असे नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थलांतराची कारणे :
स्थलांतर बहुधा हौसेने केले जात नाही. एंडनोट ही प्रणाली सशुल्क आहे; संस्थेची वर्गणी संपली की प्राध्यापकाला पर्याय शोधावा लागतो. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्राने २००६ मध्ये झोटेरो ही मुक्त प्रणाली उपलब्ध करून दिली. एंडनोटच्या संदर्भशैलींच्या फाइली झोटेरोत वापरता येऊ लागताच तत्कालीन मालक थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये या विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. मेंडली २०१३ मध्ये एल्सेव्हिअरकडे गेली आणि २०१८ मध्ये तिच्या १.१९ या आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील माहितीसाठा कूटबद्ध झाला. परिणामी, इतर प्रणालींना तो थेट वाचता येईना. पुढे सप्टेंबर २०२२ पासून मेंडलीची ती जुनी संगणकीय आवृत्ती नव्याने उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. घर भाड्याचे होते हे भाडेकरूला घर सोडताना कळावे, तसाच हा प्रकार होय.

काय जाते, काय राहते :
बहुतेक प्रणालींना समजणारे सामाईक माध्यम म्हणजे आरआयएस किंवा बिबटेक स्वरूपातील साधी मजकूर-फाइल. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक अशा रकान्यांची ती यादी असते. विषयवार केलेले गट आणि उपगट तिच्यात सहसा येत नाहीत, टिपणांची मांडणी विस्कटते आणि जोडलेल्या फाइलींचे मार्ग तुटतात. याहून गंभीर बाब प्रबंधाची आहे. मजकुरात दिलेले संदर्भ हे मूळ प्रणालीतील नोंदीच्या अंतर्गत क्रमांकाशी बांधलेले असतात. नव्या प्रणालीत तीच नोंद आली तरी तिचा क्रमांक निराळा असतो. म्हणून पाच प्रकरणे लिहून झालेल्या संशोधकाला शेकडो संदर्भ पुन्हा जोडावे लागतात. मेंडलीच्या खात्यातून थेट आयात करण्याची झोटेरोतील सोय यास काही अंशी अपवाद आहे. तिच्याद्वारे गट आणि वाचनखुणाही येतात.

मराठी नोंदींची अडचण :
नेवासे येथील १९५४ ते १९५६ या काळातील उत्खननाचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. सांकलिया, देव, अन्सारी आणि एरहार्ट असे त्याचे चार लेखक. यांतील शां. भा. देव यांचे मराठी लेखन संग्रहात देवनागरीत आणि इंग्रजी लेखन रोमन लिपीत नोंदलेले असते. मानवी वाचकाला ती व्यक्ती एकच. प्रणालीच्या लेखी मात्र ते दोन स्वतंत्र लेखक ठरतात आणि सूचीत त्यांची ताटातूट होते. दायमाबादच्या १९७६ ते १९७९ मधील उत्खननाचा सा. अ. साळी यांचा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत ८३ व्या क्रमांकाने १९८६ मध्ये निघाला. हा मालाक्रमांक स्थलांतरात खंड-क्रमांकाच्या रकान्यात जाऊन बसण्याचा धोका असतो. संस्था लेखक असेल तर फजिती अधिकच. प्रत्येक लेखकाला आडनाव असते, हे प्रणालीचे गृहीतक. त्यामुळे ‘महाराष्ट्र शासन’ याचे ‘शासन, महाराष्ट्र’ होते. हे टाळण्यासाठी एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा लागतो, बिबटेकमध्ये दुहेरी महिरपी कंस, तर झोटेरोत नावासाठी एकच रकाना निवडावा लागतो. एका प्रणालीतील ही युक्ती दुसरीत नेमकी तशीच पोहोचेल याची हमी नाही. शके १८३१ असे छापलेल्या ग्रंथाचे वर्ष केवळ आकड्यात भरले, तर तो ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी जुना होतो.

युनिकोडपूर्व काळातील नोंदी ही आणखी एक जखम आहे. श्रीलिपी किंवा आकृतीमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या पोटात तो रोमन चिन्हांचाच असतो. निर्यात होताना टंक गळून पडतो आणि हाती निरर्थक अक्षरे येतात. अशा नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय स्थलांतराला हात लावू नये. रूपांतरानंतरही जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालणे अटळ आहे, कारण तेथेच चुका दडून राहतात. मूळ संग्रहाची अस्पर्श प्रत जपून ठेवावी आणि आधी वीस-पंचवीस अवघड नोंदी नेऊन पाहाव्यात. सोप्या इंग्रजी लेखांवर घेतलेली चाचणी फसवी असते.

नामांतराचा प्रश्न :
संग्रह हलविताना ‘साफसफाई’ करण्याचा मोह होतो आणि एका आज्ञेने सर्वत्र शब्द बदलता येतात. जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. ही नावे लेखनात आज वापरणे योग्यच आहे. संदर्भनोंद मात्र शीर्षकपृष्ठाशी बांधलेली असते. १९९८ मध्ये पुणे विद्यापीठास सादर झालेला प्रबंध नव्या नावाने नोंदविला, तर ती नोंद चुकीची ठरते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा या जिल्ह्यावरील खंड १८८४ चा, तर महाराष्ट्र शासनाचा सुधारित खंड १९७६ चा आहे. दोहोंच्या इंग्रजी शीर्षकांत जिल्ह्याच्या नावाचे लेखन प्रचलित ‘अहमदनगर’प्रमाणे नसून ‘अहमद’ या मूळ उच्चाराला अनुसरून आहे. शोध-बदल आज्ञेने हे वर्णलेखन सरसकट पालटले, तर ग्रंथालयाच्या तालिकेत त्या शीर्षकाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही खंड सापडणे दुरापास्त होईल.