वादखर्च आणि विद्यार्थ्यांचा निदर्शनाचा हक्क

मूलभूत हक्काचा वाद हरलेल्या विद्यार्थ्याने प्रतिपक्षाचा खर्च भरावा काय? दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठात २०१६ साली झालेल्या निदर्शनांवरून तेथील उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला व वादखर्चही विद्यार्थ्यांवर लादला. २०१७ मध्ये संविधान न्यायालयाने खर्चाचा तो आदेश रद्द केला. त्यामागील तत्त्व २००९ च्या बायोवॉच निर्णयातील होय: सांविधानिक हक्कासाठी शासनाविरुद्ध प्रामाणिकपणे झगडणारा हरला तरी त्याच्यावर खर्चाचा बोजा पडू नये, निव्वळ तंटेखोर दावा तेवढा अपवाद.

आपल्याकडे अनुच्छेद २२६ खालील अर्जात खर्च हा न्यायालयाच्या विवेकाचा विषय आहे. पुष्कळदा ‘खर्चाबाबत आदेश नाही’ असे म्हटले जाते. ही प्रथा उदार खरी. परंतु प्रथा म्हणजे हक्क नव्हे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील निलंबित संशोधक विद्यार्थ्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या काळापुरतेच सीमित केले. फेटाळलेला प्रत्येक अर्ज निराधार नसतो, हे यावरून उघड होते. पहिल्याच पराभवाला खर्चाची धास्ती जोडली, तर मुलुंडच्या सामान्य कुटुंबातील विद्यार्थी दुसऱ्या न्यायालयाची पायरी चढेलच कशाला? म्हणून हे संरक्षण न्यायाधीशांच्या औदार्यावर न सोडता नियमबद्ध व्हावयास हवे.