भिंतीपलीकडचे आईबाप

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१८३७–३९) अधिक लापशी मागणारा मुलगा जगभरच्या वाचकांच्या स्मरणात राहिला. त्या प्रसंगाने इंग्लंडमधील वर्कहाऊसची भूक सर्वांना परिचित केली. पण तेथील एक गोष्ट त्यानेच नजरेआड केली, असे मला वाटते. ऑलिव्हर जन्मतःच पोरका आहे. त्याची आई पहिल्या प्रकरणातच मरते. वर्कहाऊसला त्याचे कुटुंब मोडावे लागत नाही. कादंबरीकाराने ते आधीच मोडून ठेवले आहे.

१८३४ च्या दारिद्र्यविषयक सुधारित कायद्यामागील सूत्र असे होते, की आश्रिताची स्थिती बाहेरच्या कनिष्ठातल्या कनिष्ठ मजुराहूनही हीन असावी. म्हणजे आत येण्याची कोणास इच्छाच होऊ नये. लापशी पातळ करणे हा त्याचा एक उपाय. दुसरा, आणि माझ्या मते अधिक निर्दय उपाय, म्हणजे कुटुंबाची विभागणी. पुरुष, स्त्रिया, मुलगे व मुली ह्यांचे कक्ष निराळे, आवारेही निराळी. आईबाप जिवंत, एकाच छपराखाली, आणि तरीही भिंतीपलीकडे. ‘अनाथाश्रम’ किंवा ‘अन्नछत्र’ हे आपले शब्द येथे उपयोगाचे नाहीत. अन्नछत्रात देणाऱ्याला पुण्य लाभते; येथे घेणाऱ्याला शासन होते.

डिकन्सला हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. गरीब जोडप्यांना खर्चाशिवाय घटस्फोट मिळवून देण्याची मंडळाची ‘कृपा’ तो दुसऱ्याच प्रकरणात उपरोधाने नोंदवतो. अखेरीस बंबल पतिपत्नी त्याच वर्कहाऊसमध्ये येऊन पडतात, तेव्हा त्यांची ताटातूटही थट्टेचा विषय होते. असंख्य कुटुंबांचे दुःख असे दोनदा पानावर येते आणि दोन्ही वेळा हशात विरते. ह्या कादंबरीवरील प्रेमापोटी मी स्वतः हे फार उशिरा पाहिले.

‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’मध्ये (१८६४–६५) मात्र थट्टा ओसरली आहे. म्हातारी बेटी हिग्डन वर्कहाऊस टाळण्यासाठी वाट तुडवीत राहते. स्वतःच्या दफनाचे पैसे कपड्यात शिवून ठेवते आणि उघड्यावर प्राण सोडते. ही भीती केवळ मानीपणाची नव्हती. १८३२ च्या शरीररचनाविषयक कायद्यानुसार वर्कहाऊसमधील बेवारस प्रेत विच्छेदनासाठी देता येत असे. कुटुंबापासून तोडलेल्या माणसाला वारस कोठून मिळणार?

ह्या संदर्भात मला टॉमस हार्डी डिकन्सपेक्षा अधिक खोल गेलेला दिसतो, तोही अगदी थोडक्यात. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधील (१८७४) फॅनी रॉबिन एका भटक्या कुत्र्याच्या आधाराने कॅस्टरब्रिजच्या वर्कहाऊसपर्यंत कशीबशी पोहोचते. ती आत जाते, आणि कुत्र्याला दगड मारून हाकलले जाते. तिच्या शवपेटीवर खडूने तिचे नाव लिहिलेले असते आणि पुढे ‘व मूल’ एवढी नोंद. गेब्रिएल ओक शेवटचे शब्द रुमालाने पुसून टाकतो. बाथशेबाला दुःख होऊ नये, हा त्याचा हेतू निर्मळच आहे. कारण त्या मुलाचा बाप तिचा नवरा आहे. परंतु आईचे व मुलाचे नाते ज्या एकाच जागी लिहिले गेले होते, ती जागा ह्या दयेने कोरी होते. त्याच रात्री बाथशेबा झाकण उघडते. दोघेही आत असतात.