बांधकाम करारांतील संधिसाधू वर्तन : निळवंडे प्रकल्पाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : ऑलिव्हर विल्यमसन यांनी कपटाने साधलेल्या स्वार्थास संधिसाधू वर्तन म्हटले आहे. करार अपूर्ण असणे आणि काम सुरू झाल्यावर दुसरा पक्ष बदलणे महाग पडणे, या दोन स्थितींत अशा वर्तनास वाव मिळतो. आपल्याकडील विवेचनात ही संकल्पना बहुधा कंत्राटदारापुरतीच लावली जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या एकांगी वापरास आहे.

विवेचन : महाराष्ट्रातील बी-1 निविदापत्राचे कलम 38 या दृष्टीने अभ्यसनीय आहे. निविदेतील परिमाणाच्या 125 टक्क्यांपर्यंतचे काम निविदा दराने व त्यापुढील काम सर्वसाधारणपणे चालू दरसूचीच्या आधारे देय ठरते. पायात खडक अपेक्षेपेक्षा खोल लागला, तर ही तरतूद न्याय्यच होय. मात्र अंदाजपत्रकात कोणते परिमाण कमी धरले आहे हे ज्यास ठाऊक आहे, तो कमी दराची निविदा भरून काम मिळवितो व वाढीव परिमाणात तूट भरून काढतो. ही संधी अपुऱ्या सर्वेक्षणातून जन्मते; आणि सर्वेक्षण ही शासनाची जबाबदारी असते.

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर झालेल्या निळवंडे प्रकल्पास 1970 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा अपेक्षित खर्च सुमारे 8 कोटी रुपये होता. 26 ऑक्टोबर 2023 रोजी 85 किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले, तेव्हा तो सुमारे 5,177 कोटींवर गेला होता. ही सारी वाढ संधिसाधूपणाच्या खाती टाकणे अशास्त्रीय ठरेल. पाच दशकांची भाववाढ, धरणस्थळातील बदल, पुनर्वसन व तुकड्यातुकड्यांनी मिळालेला निधी यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय कोणावरही दोषारोप करता येत नाही. तसेच, आरंभी खर्च कमी दाखवून मान्यता मिळविणे व पुढे सुधारित मान्यता घेणे, हे जेथे हेतुपुरस्सर घडते तेथे तेही संधिसाधू वर्तनच होय.

या सिद्धान्ताची मोठी उणीव निराळीच आहे. तो करारातील दोनच पक्ष पाहतो. लाभक्षेत्रातील 182 गावांच्या शेतकऱ्यांची करारावर सही नसते. विलंबाची किंमत मात्र त्यांच्या कोरड्या शिवारांनी चुकविली.

निष्कर्ष : दंडाची कलमे वाढविल्याने हा दोष जाणार नाही. निविदेपूर्वी सखोल सर्वेक्षण, निधीची निश्चिती आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदींचे ग्रामसभेत वाचन, असे तीन उपाय सुचतात. विल्यमसन यांच्यासमवेत 2009 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामूहिक साधनांवर वापरकर्त्यांनीच ठेवलेल्या देखरेखीचे महत्त्व दाखविले. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडणारे हिवरे बाजार याच जिल्ह्यात आहे. पाण्याचा हिशेब जी ग्रामसभा ठेवू शकते, ती कालव्याच्या कामाचाही ठेवू शकेल.